कनेक्टिंग रॉडचा कॅन्सर

तांबूस कवचाचं अंडं अंधारात जांभळ्या उजेडाखाली धरलं, तर निखाऱ्यासारखं लाल दिसतं. कोंबडीचा यात काही दोष नसतो.

*

पालक चिरल्यावर पाटावर हिरवा डाग राहतो. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही, तेलाचा हात लावला की सुटतो.

*

चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत भरदुपारी एका कोपऱ्यात काळे पडदे ओढलेले असतात. पडद्याआड एक माणूस लोखंडाचे सुटे भाग जांभळ्या दिव्याखाली फिरवत बसलेला असतो. जिथं चमकतं, तिथं भेग.

*

गोजाबाईंची नवी कवळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पडून आहे.

*

गुरुवारी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कंपन्यांना सुट्टी असते. गुरुवार हा गुरूचाही वार. ज्यानं कुणी हा योग साधला, त्याला धंदा कळत होता.

*

"बोला, किरणनाथ महाराज की—"

"जय!"

पुनावळ्यात हायवेला लागून मारुतरावांची पत्र्याची शेड आहे. आधी तिथं फरश्यांचं गोडाऊन होतं. आता खिडक्यांना काळा कागद चिकटवून, सतरंज्या अंथरून, चारशे माणसं बसवली होती. बाहेर मोटारसायकलींची रांग सर्व्हिस रोडपर्यंत गेलेली. आत बहुतेक सगळे कंपन्यांतले ऑपरेटर, हेल्पर, फिटर. सुट्टीच्या दिवशीही अंगात युनिफॉर्मचा शर्ट. बायकांच्या बाजूला तनुजा उभी होती. बसायला जागा होती, पण ती बसली नव्हती.

व्यासपीठावर किरणनाथ. पांढरा झब्बा, गळ्यात रुद्राक्ष, आणि रुद्राक्षाला लटकवलेलं कंपनीच्या आयकार्डासारखं कार्ड. कार्डावर त्याचाच फोटो. म्हणजे देवाच्या गेटवर वॉचमननं अडवलं, तर दाखवायला बरं.

"भक्तहो! तुमची कंपनी तपासल्याशिवाय एक तरी नट गेटबाहेर सोडते का?"

"नाही!"

"आणि देवानं तुम्हाला तपासून पाठवलं का? नाही पाठवलं! कलियुग आहे. वरच्या प्लँटमध्येसुद्धा इन्स्पेक्शन ढिलं पडलंय. म्हणून मला पाठवलं. आता सांगा, रोगाचं रूट कॉज काय? पूर्वजन्म! करेक्टिव्ह ॲक्शन काय? शरणागती! आणि टार्गेट काय?"

"झीरो डिफेक्ट!" चारशे तोंडं एका सुरात ओरडली. कंपनीत सकाळच्या मीटिंगला हेच शब्द जांभया देत म्हणणारी तोंडं.

एकेका रुग्णाला वर बोलावलं जाई. तोंड उघडायचं. चेला कापसाच्या बोळ्यानं आत 'तेजोतैल' लावी, मग दुसऱ्या बोळ्यानं पुसून घेई. दिवे बंद. किरणनाथ हातातला जांभळा दिवा पेटवून तोंडाशी धरी. आणि अंधारात, गालाच्या आत, रोगाची जागा लालभडक पेटे. बाकी गाल काळा. माणसांच्या घशातून एकच आवाज निघे. मग मंत्र सुरू होई, दिवा तसाच जवळ धरलेला, आणि बघता बघता लाल रंग फिका पडत जाई.

"जळतोय बघा! रोग जळतोय!"

त्या दिवशी वर बसलेला माणूस तनुजाचा नवरा होता. त्याचा हा पहिला गुरुवार नव्हता.

*

सयाजी मूळचा लातूरकडचा. चाकणला येऊन त्याला अठरा वर्षं झाली होती आणि ती सगळी त्यानं काळ्या पडद्याआड, जांभळ्या दिव्याखाली काढली होती. सुरुवातीला तिथले वरिष्ठ सांगायचे, 'मशीनवर विश्वास ठेव, डोळ्यांवर ठेवू नको.' त्यानं ठेवला. साध्या उजेडात गुळगुळीत दिसणारा रॉड त्या दिव्याखाली आपली भेग लपवू शकत नसे. एकदा साहेबांनी पास केलेला अख्खा लॉट त्यानं अडवला होता आणि तो बरोबर निघाला होता. तेव्हापासून लाइनवर त्याला 'दिवेवाले काका' म्हणत.

गालात फोड आली, ती बरी होईना, तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. लहान होता. सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची तारीख मिळाली. गालाचा आतला थोडा भाग आणि जबड्याची एक कड काढायची होती. सयाजी घाबरला, कोण घाबरणार नाही? त्याच आठवड्यात लाइनवरचा प्रीतम त्याला पुनावळ्याला घेऊन गेला.

त्या रात्री पिंपळे गुरवच्या खोलीत जे बोलणं झालं, ते असं:

"तारीख पुढं ढकलली म्हणजे? कुणाला विचारून?"

"तनू, ऐक तर. चेल्यानं आरसा धरला हुता, मी बगितलं. लाल पेटलं हुतं. आमच्या दिव्यात हिरवं-पिवळं चमकतं, हितं लाल. रक्ताचं हाय म्हणून लाल."

"आणि?"

"आणि इझलं की माझ्यासमोर. माणूस खोटं बोलंल, दिवा बोलत नसतो."

"दिवा बोलतच नाही हो. बाबा बोलतो."

"तुला कळत न्हाई त्यातलं. तू वायरी बांधतीस."

तनुजा चाकणलाच गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होती. तिनं भांडी घासली. घासताना एक ताट जरा जास्त जोरात आपटलं, एवढंच.

ऑपरेशनची तारीख गेली. दर गुरुवारी सयाजीच्या गालातली लाली कमी कमी होत गेली. किरणनाथानं त्याला आपली नमुन्याची केस करून टाकली. हार घातला, 'झीरो डिफेक्ट सयाजीराव' म्हणून मिरवला. मारुतरावांची आई गोजाबाई ही पहिली नमुना केस. तिच्या कवळीखालच्या हिरडीवरची जखम पूर्ण बरी झाली होती. मारुतराव प्रत्येकाला सांगत, "आमच्या आयला बरं केलं म्हाराजांनी. आमी डोळ्यानं पाह्यलंय. आता बोला!"

एके दिवशी सयाजी कामावरून आला तो हसतच. खिशातला रुमाल त्यानं सोन्याची घडी उलगडावी तसा उलगडला.

"काल बाबाकडनं येताना तोंड पुसलं हुतं ह्यानं. आज दुपारी चुकून दिव्याखाली धरलं. तनू, रुमाल लाल पेटला! रोग भाईर पडाय लागलाय. रुमालावर उतरलाय!"

तनुजानं रुमाल हातात घेतला. साध्या उजेडात त्यावर हिरवट डाग होता, पालकाची भाजी सांडल्यावर पडतो तसा. तिला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना. तिनं रुमाल धुतला नाही. कपाटात ठेवला.

*

गाठ तिला सापडली. आषाढात, त्याची दाढी करून देताना. गालावर नव्हती, मानेत होती, जबड्याच्या खाली. कठीण, बोटाखाली न सरकणारी.

*

डॉक्टर मंजुषा रुग्णालयात रागीट म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी मान चाचपली, गालात बघितलं आणि जुनी फाइल उघडली.

"तुमची तारीख होती. आला नाहीत."

"बरं वाटत हुतं मॅडम."

"कुणी सांगितलं बरं वाटतंय म्हणून?"

सयाजीनं सांगितलं. दिवा, लाली, विझणं, सगळं. सांगताना त्याचा आवाज हळूहळू चढत गेला, जणू तोच त्यांना काही शिकवत होता. शेवटी तनुजानं पिशवीतून रुमाल काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. रुमाल खिडकीपाशी नेऊन बघितला, नाकाशी धरला.

"सयाजीराव, हा पानांचा रंग आहे. तेलात उतरवलेला. जांभळ्या उजेडात तो लाल दिसतो. पालक घ्या, मेथी घ्या, कुठलंही हिरवं पान घ्या."

"मग रोगाच्याच जागेवर कसा दिसला?"

"सांगते. आणि तुमच्या बाबानं हे कुठून उचललं तेही सांगते, म्हणजे डॉक्टरांना यातलं कळत नाही असं तुम्हाला वाटायला नको." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्यांचं एक घराणं आहे. आपलं रक्त लाल असतं ते त्यातल्याच एकामुळं, अंड्याचं कवच तांबूस असतं तेही. पानांचा हिरवा रंग त्यांचाच चुलतभाऊ. या घराण्यातलं औषध शरीरात दिलं, की निरोगी पेशी ते थोडं घेते आणि लवकर बाहेर टाकते. कॅन्सरची पेशी जास्त घेते आणि धरून बसते."

"कामून?"

"कारण एकच नाही. तिला वाढायची हाव असते. त्यासाठी ती रक्तातले चरबीचे कण ओढून घेते, आणि त्या कणांना चिकटून हे औषध आत जातं. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, आलेलं वाहून न्यायची सोय धड नसते. काही पेशींत हा रंग वापरून संपवायचं कामच रेंगाळतं, मग तो साठत जातो. अशा जागेवर निळा-जांभळा उजेड टाकला की ती लाल दिसते. काही ठिकाणी डॉक्टर हे वापरतात, गाठीची हद्द कळावी म्हणून. वरवरच्या काही गाठी तर औषध देऊन, वर ठरावीक प्रकाश टाकून मारताही येतात. हे सगळं खरं आहे."

सयाजी ताठ बसला. "म्हंजे बाबाचं—"

"बाबाचं यात काहीही नाही. खऱ्या औषधाला पेशीच्या पोटात जायला काही तास लागतात, कधी दिवस. त्यानं कापसानं तेल चोपडलं आणि लगेच दिवा लावला. गुळगुळीत गालावरचं तेल पुसलं गेलं. खडबडीत जखमेत अडकलं ते राहिलं. पेशीनं गिळणं वेगळं, भेगेत अडकणं वेगळं."

"पण इझत हुतं मॅडम. माझ्या डोळ्यादेखत."

"कडक उजेडात रंग विटतो. दारावरचा पडदा उन्हानं विटतो की नाही? पडदा विटतो, भिंत होती तशीच राहते. आणि दर आठवड्याला कमी दिसायला तेल पातळ करत नेलं की झालं."

डॉक्टरांचा राग कुठंतरी गेला होता. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "कामावर पार्ट चमकला, की तुम्ही लगेच बाद करता?"

"न्हाई. आधी साफ करायचा. धागा चमकतो, तेल चमकतं, घाण चमकती. पुसून, धुवून, परत बघायचं. नवीन पोराला पैलं हेच शिकवतो मी."

"मग तोंड का नाही धुतलं?"

सयाजीनं टेबलावरच्या रुमालाकडं बघितलं.

"आणि एखादा पार्ट चमकलाच नाही, तर तो आतपर्यंत चांगला का?"

"न्हाई मॅडम. ह्या दिव्याला वरवरची भेग दिसती फकस्त. आत खोल असली तर..." तो थांबला. त्याचा हात आपोआप मानेकडं गेला. "तर दुसऱ्या मशीनवर पाठवाय लागतं."

तनुजानं त्याच्याकडं बघितलं नाही. ते बघणं तिला जमलं नसतं.

*

ऑपरेशनची नवी तारीख मिळाली. आता ऑपरेशन मोठं होतं. अर्धा जबडा, मानेतल्या गाठी, मांडीचं मांस गालाला.

त्या आधीच्या बुधवारी तनुजानं पालक वाटला, कोमट तेलात ढवळला, फडक्यानं गाळला. प्रीतम मोबाइलच्या दुकानातून नोटा तपासायची जांभळी बॅटरी घेऊन आला, आणि कंपनीच्या भंगारातला, बाद केलेला इंजिनाचा एक कनेक्टिंग रॉड. तो दारात उभाच राहिला.

"वहिनी, मी नेलं त्यांना तिथं."

"माहीत आहे. आत या. तो पडदा ओढा."

रॉडला तेल लावलं, पुसलं, दिवा घालवला. बॅटरी पेटताच लोखंडावर केसासारखी बारीक लाल रेघ उमटली. बॅटरी तशीच धरून ठेवली, तर हळूहळू फिकी पडायला लागली.

कॉटवरून सयाजी बघत होता. त्याला हसू आलं आणि हसताना गाल दुखला, म्हणून त्यानं तो हातानं दाबून धरला.

"कॅन्सर झालाय ह्याला," तो म्हणाला. "पाच गुरुवार करावं लागतील."

*

"आणि आता, भक्तहो, आपले झीरो डिफेक्ट सयाजीराव!"

टाळ्या. सयाजी वर गेला. पण तोंड उघडायच्या आधी त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं, कॉलर मागं सारली आणि मान वळवून उभा राहिला. पुढच्या रांगेतल्यांना गाठ दिसली. मागच्यांना काय झालं ते कळेना.

"काय झालं रे?"

"गाठ आलीय राव मानेत. सुपारीएवढी."

किरणनाथानं हात वर केला. "श्रद्धा डळमळली! रोग खाली उतरलाय. उतरतोय म्हणजे निघतोय—"

"महाराज," तनुजा पुढं आली. तिच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "ह्यालाही जरा बघा. ह्यालाही आतून झालाय." तिनं टॉवेल उघडला. शेडमध्ये हशा पिकला. त्यातल्या निम्म्या लोकांनी असे रॉड हातानं उचललेले होते.

"ताई, थट्टा करू नका. हे स्थान आहे."

"थट्टा नाही. तुमच्याच तेलानं बघू." प्रीतमनं चेल्याच्या हातातली वाटी आधीच घेतली होती. तनुजानं बोळा फिरवला, पदरानं रॉड पुसला. दाराजवळ कुणीतरी न सांगता दिवे घालवले. एवढी उत्सुकता कुणालाच आवरेना. प्रीतमनं बॅटरी लावली.

लाल रेघ.

मग मागून एक आवाज आला, "आरं भावा, हे तर आपलं भेगा शोधायचं पेनिट्रंट हाय!"

"क्रॅक हाय, क्रॅक!"

"महाराज, रॉडचा पूर्वजन्म सांगा की!"

"धातूतही चैतन्य असतं!" किरणनाथ ओरडला. "सूक्ष्म कर्क—"

"मग रिवर्क करून द्या! डिस्पॅच अडकलाय आमचा!"

दिवे लागले तेव्हा मारुतराव व्यासपीठावर चढले होते, कपाळावरची शीर फुगलेली. "ए बाई, आमची आय बरी झाली ती काय खोटी? सांग की!"

तनुजानं गोजाबाईंकडं बघितलं. म्हातारी पहिल्या रांगेत, पाठ बाजूच्या भिंतीला लावून, बोळक्या तोंडानं बसली होती.

"आजी, तुमची कवळी कुठाय?"

"ती व्हय? बरणीत हाय. लई टोचायची गं हितं, हिरडीला. म्हाराज म्हनले, पथ्य करा, दात घालू नगा, मऊ भात खावा. तवापासून न्हाई घातली."

मारुतराव आईकडं बघत राहिले. मग त्यांनी एकदम खाली मान घातली, आणि शेडमधले लोक इतके हसले की पत्रा वाजला. हसताना एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. तनुजाला वाटलं, हेच लोक मागच्या गुरुवारी याच जागेवर रडत होते. तिला त्यांचं हसणंही नको झालं.

सयाजी व्यासपीठावर तसाच उभा होता, कॉलर उघडी. त्याला कुणी खाली उतर म्हटलं नाही. हसणं ओसरल्यावर त्यानं माइक ओढला.

"मी दिव्याचा माणूस," तो म्हणाला. गाल सुजल्यामुळं शब्द नीट येत नव्हते. "लोखंड दोनदा बघितलं. तोंड एकदाच बघितलं. दुसऱ्यांदा बगा रे. कुणीबी काय दाखवलं तर पुसा, परत बगा. डॉक्टरला दाखवा. एवढंच."

टाळ्या झाल्या नाहीत. काही जण पायताणं शोधायला लागले.

*

किरणनाथ मागच्या दारानं गेला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली, अटक झाली, जामीन झाला. पुढं तो चाकणच्या पलीकडं कुठंतरी दुसऱ्या नावानं बसतो असं प्रीतम सांगतो. आता दिवा निळा आहे म्हणे. मारुतरावांनी शेड बॅटऱ्यांच्या गोडाऊनला दिली. तनुजाच्या गल्लीतली एक बाई अजून म्हणते की महाराजांचं तेल खरं होतं, सयाजीची श्रद्धाच कमी पडली. तनुजा तिच्याशी भांडत नाही. दळण एकत्रच आणतात.

ऑपरेशन झालं. डॉक्टर मंजुषांनी त्यांना जमलं ते सगळं केलं. सयाजीनं पुढचा उन्हाळा पाहिला नाही.

चमत्कार दाखवणारा माणूस अंधार करतो, हे एकदा लक्षात ठेवा. दिवे लावायला सांगा. तेल कशाचं ते विचारा. तेच तेल फुटक्या फरशीला लावून बघा. खऱ्या शास्त्रातला एखादा शब्द कानावर आला म्हणून हुरळून जाऊ नका. तो शब्द कुणी, कुठं, किती तास, कशासाठी वापरला ते विचारा. जो विचारल्यावर चिडतो, त्याला उत्तर माहीत नसतं, किंवा माहीत असतं. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर बोटानं चाचपत बसू नका, आरशात बघत बसू नका, दवाखान्यात जा. इतकं साधं आहे, आणि इतक्या साध्यासाठी माणसं जातात.

*

हे सगळं सुरू व्हायच्या आधी, त्या वर्षी भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खाताना सयाजी पहिल्यांदा म्हणाला होता, डाव्या गालाला तिखट झोंबतंय.